पंधरावा दात

“उतर,” दाजी म्हणाले, आणि माझी बहीण उतरली नाही.

एकतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. आमच्या घराकडे येणारा चढ साधासुधा नाही. तिथे माणूस वर येतो आणि त्याची सावली पायथ्याशीच बसून राहते, संध्याकाळी परत जाताना तो तिला घेऊन जातो. कुणाच्या हातून लिंबं निसटली तर खालच्या किराणावाल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचं सरबत झालेलं असतं. रिक्षावाले तर लांबूनच हात जोडतात. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. खरं तर मी कमी करून सांगतोय.

या चढाच्या दुसऱ्या वळणावर दाजींची मोटारसायकल धापा टाकायची. मान न वळवता दाजी ‘उतर’ म्हणायचे, बहीण मुकाट्याने उतरायची आणि उरलेला चढ पायी यायची. दाजी आधीच वर पोचून, पाणी पिऊन, माझ्याशी गप्पा मारत बसलेले असायचे. मग बऱ्याच वेळाने ती फाटकात दिसायची, लालबुंद. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मी तर वर आणखी विचारायचो, “काय गं, वाटेत झोपली होतीस का?”

त्या रविवारी मी खालून भाजी घेऊन वर येत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

“अगं उतर ना, गाडी मागे सरकतेय.”

“सरकू दे.”

“पडशील!”

“पडू की दोघं. माझ्या गुडघ्यांत आता काही उरलं नाही अहो. मी नाही उतरणार.”

गाडी खरोखरच मागे यायला लागली. मी धावत जाऊन भाजीची पिशवी मागच्या चाकाखाली सरकवली. आतल्या दुधी भोपळ्याने प्राण सोडला, पण गाडी थांबली.

बहिणीने मागे बसूनच, न ओरडता सांगितलं, “ऐका. पुढच्या रविवारी एकदाच बसेन. बसल्या बसल्या वर पोचले तर ठीक. वाटेत ‘उतर’ ऐकू आलं, की सोमवारी ही गाडी भंगारात आणि माझं माहेर बंद. दादा, तूही ऐकलंस ना?”

मी ऐकलं होतं. आणि माझी बहीण माझ्यासारखी बोलत नाही. ती बोलते तेवढंच करते.

दाजी पाणीखात्यात मीटर वाचायचे. सकाळी निघायचं, दारोदार वाकून काचेतला आकडा वहीत उतरवायचा आणि पुढचं दार. आयुष्यात त्यांनी कुणाचा आकडा ना एकाने वाढवला ना एकाने घटवला. एवढ्या सरळ माणसाने सल्ल्यासाठी माझ्याकडे यावं, हीच मुळात पहिली चूक.

“चढासाठी काय करावं म्हणता?” त्यांनी विचारलं.

“दात वाढवा दाजी. चेन ज्या चक्रावर फिरते ना, त्याचे. जितके दात तितका चावा. करवतीचं बघा, कुत्र्याचं बघा.”

मी जन्मात सायकलचं पेडलसुद्धा उघडलेलं नव्हतं. पण सत्तर वर्षं छातीठोक बोलत आलेल्या माणसाने एकदम ‘मला माहीत नाही’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला धक्का बसतो. दाजी गेले, सोळा दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनापाशी असतं ते पुढचं चक्र, घेऊन आले आणि स्वतःच बसवलं. बुधवारी एकट्याने चढावर गाडी घातली. दुसरं वळण राहू द्या, पहिल्याच वळणाआधी तिने मान टाकली. किराणावाला दुकानातून ओरडला, “काय साहेब, गाडी आज रजेवर?”

गुरुवारी आम्ही दोघं मिस्त्रीकडे गेलो. या मिस्त्रीला सगळा गाव ‘अर्धवट’ म्हणतो. डोक्याने नव्हे हं, डोकं त्याचं पावणेदोन आहे. पण तो वाक्य पुरं करत नाही. उरलेलं वाक्य त्याच्या पान्ह्यातून ऐकायचं.

त्याने इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं. चक्राच्या एका दाताला खडूचा ठिपका दिला, म्हणजे मोजताना पहिला दात दोनदा मोजला जात नाही, आणि बोटाने मोजत गेला.

“सोळा,” तो म्हणाला. “कुठल्या गाढवाने…”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“पुढचे दात वाढवले की गाडी पळते,” अर्धवट म्हणाला. “कमी केले की ओढ वाढते. मागच्या चक्राचं उलटं. पुढचा एक कमी करणं म्हणजे मागचे तीन वाढवल्यासारखं. तुम्हाला चढायचंय आणि तुम्ही…”

“याआधी पंधरा होते,” दाजी घाईने म्हणाले.

“कधीपासून?”

“कायमचे. झिजलं की मीच नवं आणून बसवायचो. पंधराचंच.”

अर्धवटने फळीवरून तेलाने काळी झालेली वही काढली, बोट फिरवलं आणि थांबला. “साहेब, या गाडीला कंपनीकडून चौदा येतात. पंधरा कुणी…”

दाजी चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

“मीच,” ते म्हणाले. “लग्नाआधी. चौदावर गाडी पंच्याऐंशीच्या पुढे जाईना. मला नव्वद बघायचे होते.”

“बघितले?”

“एकदा. उतारावर.”

मी हसणार होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“म्हणजे एका दातासाठी मी एकतीस वर्षं चालले?”

बहीण उभी होती. दाजी घराची किल्ली खिशात घालून निघून आले होते, ती मागायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चेहऱ्यावरून दिसत होतं, पुरेसा वेळ.

 गॅरेजातला पंखा आवाज कमी करून फिरायला लागला. अर्धवट इतका गांगरला, की बिचाऱ्याने जन्मात पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलून टाकलं, “वहिनी, एक दात कमी केला ना, की लगेच ओढ वाढते बघा.”

बहिणीने दाजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “यांचे तीन पडलेत,” ती म्हणाली. “ओढ काही वाढलेली दिसली नाही.”

अर्धवट स्टुलावरून पडता पडता वाचला. मी खोकल्याचं निमित्त केलं. दाजी मात्र हसले नाहीत. ते खाली वाकले, मीटर वाचायला वाकायचे तसेच, आणि त्या खडूच्या ठिपक्याकडे बघत राहिले.

“चौदा लाव,” ते म्हणाले. मग, “तेरा बसेल का?”

“बसेल. पण एवढ्या लहान चक्रावर चेन फार वाकते. लवकर खाऊन टाकेल… नको.”

“मग मागे?”

“बेचाळीस आहेत. पंचेचाळीस बसतील. पण साहेब, मग ऐंशीच्या पुढे गाडी…”

“पंचेचाळीस लाव.”

“चेनही बदलावी लागेल. जुनी चेन नव्या दातांवर टाकली, की दोन्ही…”

“नवी टाक.”

“दोन कड्या लांब घ्यावी लागेल.”

“घे ना बाबा!” दाजी ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून बहिणीपुढे धरली. तिने घेतली आणि निघून गेली. ती रागावली होती की नाही हे तिच्या पाठीवरून कळेना. पाठीचा मीटर वाचता येत नाही.

रविवारी मी सकाळपासून पायथ्याशी उभा. ती येते की नाही, याचा मलाच घोर लागला होता. आली. मागे बसलेली, पिशवी मांडीवर, चेहरा कोर्टात साक्षीला निघाल्यासारखा.

“दादा, तू चालत ये शेजारून,” ती म्हणाली. “साक्षीदार पाहिजे.”

दाजींनी पहिला गिअर टाकला. गाडी निघाली, पण वेग म्हणाल तर मी आरामात बरोबरीने चालत होतो. एक मुंगळा आम्हाला मागे टाकून गेला आणि पुढे जाऊन वळून बघायला लागला, आता बोला! पण गाडी दम खात नव्हती. पहिलं वळण गेलं. चेन खालच्या आवाजात गुणगुणत होती.

दुसरं वळण आलं. इंजिनाचा आवाज जड झाला, हँडल थरथरलं. मी दाजींचं तोंड बघत होतो. एकतीस वर्षांची सवय, तो शब्द पार ओठांपर्यंत आलेला मला दिसला. त्यांनी दात आवळले, जेवढे उरलेत तेवढे, आणि तो शब्द गिळून टाकला. गाडी क्षणभर विचारात पडली. मग वळण मागे पडलं.

“अगंबाई!” बहीण एकदम ओरडली. “इथून तळं दिसतं?”

“नेहमीच दिसतं,” मी म्हणालो.

“मला कधी नाही दिसलं. मी पायाखालचे दगड बघत यायचे.”

मीही मग चार पावलं पायाखालचे दगड बघत चाललो. लोकांना विचारा, मी सहसा खाली बघून चालत नाही.

“कुठेय तळं?” दाजींनी मान वळवली.

“तुम्ही पुढे बघा हो! काय दिसतं ते मी सांगते. तळ्यात बदकं आहेत. नाही, दगड आहेत. एक हलला, बदकच आहे. आणि ते लाल कौलांचं घर कुणाचं रे दादा, केवढं वाळत घातलंय…”

अशी ती वरपर्यंत सांगत आली. आमच्या फाटकाशी दाजींनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. आता त्यांची पंचाईत झाली होती. पोचलो तर खरं, पण तिला खाली यायला सांगायचं कुठल्या शब्दाने? बहीणही जागची हलली नाही. दोघं तशीच बसून राहिली, बस सुटायची वाट बघत असल्यासारखी.

“वळवा,” शेवटी तीच म्हणाली.

“घरी?”

“खाली. पायथ्यापर्यंत जाऊ आणि पुन्हा वर येऊ. दादा, ही पिशवी धर.”

दाजींनी गाडी वळवली. घरातून माझी बायको पाण्याचे पेले घेऊन फाटकात आली तेव्हा तिथे मी एकटाच, पिशवी घेऊन उभा.

“वन्सं आल्या होत्या ना आत्ता?” तिने विचारलं.

“येतायत.”

“अहो, पण मी आवाज ऐकला, आल्या होत्या!”

“होत्या. आता परत येतायत.”

तिने माझ्याकडे नेहमीसारखं पाहिलं. मी शप्पथ घेतली असती तरी तिला पटलं नसतं. खालून इंजिनाचा आवाज येऊ लागला. पहिल्या वळणावर आला. दुसऱ्या वळणावर जड झाला. बायकोच्या हातातले पेलेही हलायचे थांबले. आवाज तुटला नाही. सावकाश, एकेक हात वर चढत राहिला, आणि त्याच्याही वरच्या पट्टीत माझ्या बहिणीचा आवाज ऐकू यायला लागला. ती दाजींना काहीतरी दाखवत होती.