शून्यावर ठेवलेला दाब

उपेंद्रनं सरकारी कारखान्यात हवेच्या दाबाच्या टाक्या तपासण्यात उभा जन्म घालवला. धडधाकट भागावर उगाच भार टाकू नये, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. हॉस्पिटलात जाताना हे शहाणपण घरी ठेवायला हवं होतं. पण माणूस निवृत्त झाला म्हणून त्याचं शहाणपण थोडंच निवृत्त होतं?

थोरला भाऊ रघुपती, म्हणजे अण्णा, डोक्याला मार लागून व्हेंटिलेटरवर होते. डॉ. क्षमा, पुण्याहून आलेली तरुण मुलगी, समजावत होती.

"काका, फुफ्फुसं क्लिअर आहेत. पण अशा पेशंटची फुफ्फुसं तळाशी मिटायला लागतात, मग इन्फेक्शन होतं. म्हणून श्वास सोडल्यावरही आत थोडं प्रेशर ठेवायचं, आधीपासूनच. फक्त बीपी स्वल्प..." इथं शिकलेला कानडी शब्द तोंडात आला म्हणून ती हसली. "थोडं खाली येऊ शकतं."

"फुफ्फुसात दोष नाही, वर बीपी पडणार. मग दाब कशाला, अम्मा?" उपेंद्रनं तिला चांगलंच धारेवर धरलं. "आमच्या अण्णांवर प्रयोग नकोत."

शेवटी ती दमली. "ऑक्सिजन चांगला आहे. तूर्त शून्यावर ठेवू."

"सरी, ठीक आहे," म्हणत उपेंद्र मान ताठ करून बाहेर आला.

काही दिवसांत फुफ्फुसांचा तळ मिटला, न्यूमोनिया झाला, आणि अण्णा गेले. क्षमा म्हणाली, "काका, प्रेशर ठेवलं असतं तरी वाचले असते, असं नाही सांगता येत." त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर इंदिरानगरच्या घरी अण्णांची बायको, प्रेमावहिनी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "भावोजी होते म्हणून. नाहीतर ह्यांचे आणखी हाल केले असते त्यांनी." उपेंद्र खरं सांगायला तोंड उघडायचा आणि कॉफीचा घोट घेऊन मिटायचा. स्वतःची लाज वाटायची, तरी मिटायचा.

मग वहिनींच्या भाचीचा, संयोगिताचा, फोन आला. तिचे सासरे व्हेंटिलेटरवर होते, आणि तिथले डॉक्टरही तसाच दाब ठेवायचा म्हणत होते. वहिनींनी फोन उपेंद्रपुढे धरला.

"नको म्हणून सांगा तिला. तुम्हाला कळतं त्यातलं."

"मला नाही कळत त्यातलं." उपेंद्रचा आवाज फाटला. "संयोगिता, डॉक्टरांना ठेवू दे दाब. अण्णांना मी ठेवू दिला नाही. कदाचित त्यानंच गेले ते."

वहिनींचा हात हळूहळू खाली आला.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "आणि मला इतके दिवस तुमचं कौतुक करू दिलंत?"