हान्नाबाईंचा शिबेनिक

दादासाहेब तीस वर्षं कराडजवळच्या एका शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी नुसतं खाकरलं तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. बायको गेल्यावर लेकीने, नीलिमाने, त्यांना कॅनडाला आणलं आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस तिथे चक्क चेरीचोर झाला. कुंपणावरून शेजारच्या हान्नाबाईंच्या चेऱ्या तोडायच्या, खायच्या आणि बिया त्यांच्याच कठड्यावर ओळीने मांडून ठेवायच्या. ऐंशीच्या हान्नाबाई मूळच्या युक्रेनच्या. त्या काठी उगारून "शिबेनिक!" म्हणून ओरडायच्या, आणि हे गालातल्या गालात हसत घरी यायचे.

एक दिवस नीलिमाने तो शब्द फोनवर शोधला. मूळ शब्द फाशीच्या खांबाचा. त्यावरून, फासावर चढवायच्या लायकीचा माणूस. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक जाऊन तिने हान्नाबाईंना बजावलं, माझ्या वडिलांशी पुन्हा बोलायचं नाही. म्हातारी काहीतरी सांगू पाहत होती, पण ऐकून घ्यायला थांबतंय कोण?

"अप्पा, ती तुम्हाला इन्सल्ट करत होती," घरी येऊन ती म्हणाली. "आता बॅकयार्डमध्ये जायचं नाही."

दादासाहेबांनी लेकीचा शब्द मोडला नाही. चेऱ्या पिकून गळाल्या, त्या ते खिडकीतून बघत राहिले. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. जानेवारीत एका पहाटे ते झोपेतच गेले.

दहाव्या दिवशी हान्नाबाई बर्फातून काठी टेकत आल्या. डब्यात चेरीचं सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्या होत्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, "अर्थ फासावरचाच. पण आम्ही तो खोडकर पोरांना म्हणतो. लाडाने. माझी आई माझ्या भावाला म्हणायची."

नीलिमाला आजी आठवली. साठीला आलेल्या हेडमास्तर लेकाला ती शेवटपर्यंत "मुडद्या, जेवून घे" म्हणायची. त्याला घरात कधी कुणी शिवी म्हटलं नव्हतं. एवढं ठाऊक असूनही त्या दिवशी म्हातारीला अर्थ विचारायचं तिला सुचलं नाही.

हान्नाबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि अगदी हळू तो शब्द म्हणाल्या. नीलिमाला रडू आवरेना.

बॅकयार्ड बंद झालं त्या संध्याकाळी अप्पांनी एवढंच विचारलं होतं, "मग आता मला रागावणारं कोण गं?"

नीलिमा तेव्हा हसली होती.