घरचा गुण्या

थोरल्याच्या कारखान्यात एक रीत होती. चौकट कसलीही असो, खिडकीची नाहीतर आरशाची, तीन कोपरे गुण्यावर कापायचे आणि चौथा जरा वाढीव ठेवायचा. तो मागाहून, जागेवर, रंधा मारून नजरेनं बसवायचा. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं लोखंडी हत्यार, आणि थोरल्याचा गुण्या वडिलांच्या, आबांच्या, हातचा. गिऱ्हाइकांना तो ऐटीत सांगायचा, "तीन कोपरे कुणीही करेल. चौथ्याला हात लागतो, हात." आता नेमका चौथ्यालाच हात का लागावा, हे ना कुणी त्याला विचारलं, ना त्यानं स्वतःला.

ह्याच चौथ्या कोपऱ्यावरून त्यानं सख्ख्या धाकट्या भावाला कारखान्यातून काढलं होतं. अकरा वर्षं झाली. शाळेच्या बारा खिडक्यांचं काम होतं. धाकट्यानं चारही कोपरे सरळ गुण्यावर कापले आणि बाराही चौकटींनी तोंड वासलं. मुख्याध्यापकांसमोर, कामगारांच्या देखत थोरला म्हणाला, "तुझ्या हातातच खोट आहे." धाकट्यानं आपली हत्यारं पिशवीत भरली आणि दोन गल्ल्या पलीकडे वेगळं दुकान थाटलं. तेव्हापासून बोलणं बंद, जाणंयेणं बंद.

अशात चर्चच्या फादरनी काम दिलं: बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला लाकडी झाकण. कुंड चौकोनी. झाकण रविवारच्या आत हवं, कारण रविवारी बाप्तिस्मा, म्हणजे डोक्यावर पाणी घालून बाळाचं पाप धुण्याचा विधी, होता, आणि तोही धाकट्याच्या नातीचा. माप घेता घेता थोरला म्हणालाच, "फादर, एक सांगा. पोर चाळीस दिवसांची. धड मान धरत नाही. तिनं पाप केलं तरी कधी?"

"केलं असं कुठं म्हणतोय मी?" फादर म्हणाले. "वाकडेपणा तिला आपल्याकडून आलाय, असं म्हणतोय. आपल्यालाही तो आलाच होता."

"हा कुठला न्याय? ज्यानं केलं त्यानं निस्तरावं की."

"स्वतःचं स्वतः निस्तरता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण सरळ करणारं बाहेरून यावं लागतं. त्यालाच आपण कृपा म्हणतो."

"मला कुणाची कृपा लागलेली नाही अजून," थोरला म्हणाला आणि टेप गुंडाळून निघाला. हा गडी असाच. देवानं काही दिलं, तरी पैसे मोजून पावती मागितली असती.

झाकण झालं, चौथा कोपरा कुंडावर नेऊन झकास बसवला. शुक्रवारी सकाळी फादरांचा निरोप आला, झाकण अडकलंय. थोरला तणतणत गेला. झालं होतं एवढंच, की पुसायला काढलेलं झाकण फादरांनी उलट्या तोंडानं परत ठेवलं होतं. चारही बाजू सारख्या आणि कोपरे काटकोनात असलेलं झाकण कसंही फिरवा, बसायला हवं. हे एकाच बाजूनं बसत होतं.

कारखान्यात येऊन त्यानं एका सरळ फळीवर गुण्या ठेवून रेघ मारली. मग गुण्या पालथा करून त्याच जागेवरून दुसरी मारली. दोन्ही रेघा एकीवर एक यायला हव्यात. त्या वर जाता जाता फाकल्या, चांगल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. ही तपासणी शिकाऊ माणसालाही येते. पण बापाच्या गुण्याची तपासणी कोण करणार? थोरल्यानं भिंतीवरचे बाकीचे तीन गुण्ये उतरवून त्याला लावून पाहिले. सगळे एकमेकांशी तंतोतंत जुळले, कारण सगळे ह्याच गुण्याला लावून घासलेले. बापाला बोल लावावा तर बापानं आपला गुण्या आजोबांच्या गुण्याला लावून घासलेला.

तो मटकन स्टुलावर बसला. म्हणजे धाकट्याची चूक नव्हती. चूक लोखंडात होती आणि आपण तिला कारागिरी म्हणत आलो. पण 'तुझ्या हातातच खोट आहे' हे वाक्य? ते काही बापानं शिकवलं नव्हतं. ते आपलं, आपल्याच तोंडचं. लाज वाटली त्याला, इतकी की बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याला मान वर करवेना.

तिला सगळं सांगितलं, आणि लगेच हिशेबही मांडला. धाकट्याच्या घराची दारं फुकट करून देतो, नवा रंधा देतो, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना खरं काय ते सांगतो.

"अहो, भावाकडे निघालात की टेंडर भरायला?" ती म्हणाली. "आधी जा तर खरं."

दुपारी तो गेला. धाकटा खुर्चीच्या पायाला पॉलिश करत होता. मोठ्या भावाला दारात बघून त्यानं हात थांबवला, पण उठला नाही.

"तुझ्या हातात खोट नव्हती," थोरला उभ्याउभ्याच म्हणाला. "आबांचा गुण्याच वाकडा आहे."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तू काढलंस त्याच आठवड्यात. घरी येऊन रेघा मारून बघितल्या."

"मग बोलला का नाहीस? चारचौघांत माझं नाक कापायचं होतंस."

"कापणार होतो की. वर्षभर तेच मनात घोळवत होतो. मग एक दिवस वाटलं, तुझी सगळी ऐट त्या गुण्यावर उभी. तो काढून घेतला तर तुझ्याकडे राहणार काय? मग दिलं सोडून."

थोरला एक पाऊल आत आला. "मी भरपाई करतो. दारं करून देतो, रंधा..."

"दादा, अकरा वर्षांची भरपाई कशी करशील? माझ्या पोरीच्या लग्नाला तू नव्हतास. ते कुठून आणशील?" धाकट्यानं फडकं खाली ठेवलं. "ते राहू दे. रविवारी बाळाला हातात तू धरायचंस. धर्मपिता म्हणून."

"मी?" थोरला म्हणाला. "माझी काय लायकी?"

"लायकी कोण विचारतंय? तुझं नाव फादरांकडे बुधवारीच दिलंय."

"बुधवारी? तेव्हा तर मला ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. मी आलोही नसतो."

"ठाऊक होतं मला," धाकटा म्हणाला. "तरी दिलं."

थोरला तिथंच फळ्यांच्या थप्पीवर बसला आणि कुणाच्याही देखत कधी न रडलेला तो माणूस धाकट्या भावासमोर हुंदके देऊन रडला.