कप हातात की बाकावर

मी शोमारीबाबांची कॉफीची किटली बोलतेय. आवाज जरा घोगरा वाटेल, कारण बुडाला तीन ठिकाणी डाग दिलेत आणि तोटी एकदा पडून वाकली आहे. कान मात्र शाबूत आहेत. दार-एस-सलामच्या टेकडीवरच्या विद्यापीठात बाबांसोबत बावीस वर्षं काढली मी. ऐकण्यावाचून दुसरं काम काय होतं मला?

माझा जन्म शहरातल्या गेरेझानी भागातला. तिथल्या एका पत्रेवाल्यानं जुन्या पितळी पत्र्यातून मला ठोकून काढली. मी उंच, वर निमुळती, आणि बुडाखाली कोळशाची छोटी शेगडी. शोमारीबाबांनी मला उन्हाकडं धरून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "गळणार नाहीस ना गं?" गळले मी, पण पंधरा वर्षांनी. तेवढा शब्द पाळला म्हणायचा.

दुपारी चारला आम्ही हॉस्टेलच्या फाटकाजवळ आंब्याखाली यायचो. बाबांच्या एका हातात मी आणि दुसऱ्या हातात चिनी मातीचे चिमुकले कप. ते एकमेकांवर किणकिण वाजवतच बाबा चालायचे. झाडाखाली दोन लांब बाक होते. काळी बिनसाखरेची कॉफी आणि सोबत शेंगदाण्याची चिक्की, एवढाच आमचा संसार.

बाबांची एक खोड होती. गिऱ्हाईक असेल तर कप बाकावर ठेवायचे. आपलं माणूस असेल तर कप त्याच्या हातात द्यायचे. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण बघणाऱ्याच्या ते लक्षात यायचं.

संध्याकाळी आमच्या बाकांवर डाव्या पोरांचा अड्डा जमे. त्यात झुहुरा होती. टांगा शहरातली, कायद्याची विद्यार्थिनी. अंगानं काडी, पण बोलायला लागली की समोरच्याचं पाणी पाणी. आणि लुइटिको, डोंगराकडचा, इंजिनिअरिंगला. पाय एवढे लांब की सगळे त्याला अडखळून पडत, आणि वर हाच म्हणे, "बघून चाला, जनतेचे पाय आहेत." बाकीची आठ-दहा पोरं येऊन जाऊन. पुस्तकातलं एखादं प्रकरण मोठ्यानं वाचायचं आणि मग अजान होईपर्यंत भांडायचं.

पण भांडणाआधी आल्या आल्या प्रत्येक जण बाबांना म्हणायचा, "शिकामो, बाबा!" म्हणजे, मी तुमचे पाय धरतो. बाबा म्हणायचे, "मराहाबा." पोचला तुझा नमस्कार. खाली कुणी वाकत नाही, नुसता शब्द असतो. पण तो शब्द टाकल्याशिवाय आमच्याकडं धाकट्यानं मोठ्याशी बोलायला सुरुवात करायची नसते.

आता मुतिंताकडं येते. नाहीतर नमनालाच घडाभर तेल व्हायचं.

मुतिंता झांबियाची, मोंझे गावची. तिचा मामा रेल्वेत होता. त्यानं लहानपणी तिला सांगितलं होतं, दार-एस-सलामच्या विद्यापीठात अख्ख्या आफ्रिकेतली क्रांतिकारक पोरं जमायची, रात्रंदिवस वाद घालायची. मामाची गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. ही बिचारी त्या गोष्टीच्या मागं दोन रात्री आगगाडीत बसून आली. येऊन बघते तर फलकावर काय? उद्योजक मंडळ, प्रार्थना मंडळ, नोकरीच्या मुलाखतीची तयारी. हिनं आपल्या हातानं कागद लिहून लावला: समाजवादी वाचनगट, शुक्रवारी पाच वाजता. खोलीत एकटाच मुलगा आला. त्यानं विचारलं, "याचं प्रमाणपत्र मिळतं का?"

तो कागद झुहुरानं वाचला आणि तिला शोधून काढून आमच्या बाकावर आणलं. "अगं, खोलीत कोण येतंय? आमचं सगळं इथं चालतं, किटलीपाशी." मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोरीचा चेहरा असा उजळला होता! ती सरळ बाबांपुढं गेली, हात पुढं केला आणि मोडक्यातोडक्या स्वाहिलीत म्हणाली, "कॉम्रेड शोमारी, कसे आहात?"

बाक गप्प झाला. लुइटिकोनं पाय आत घेतले, यावरून ओळखा. बाबांनी हात मिळवला, "बरा आहे" म्हणाले आणि कॉफी ओतली. कप बाकावर ठेवला.

पुढचे दोन महिने तिचा कप बाकावरच राहिला. झुहुरा तिला हळूच म्हणाली, "एक शब्द तर आहे. टाक ना."

"नाही टाकणार," मुतिंता म्हणाली. "पाय धरते म्हणायचं? मालकापुढं गुलामानं म्हणावं तसं? समता आपण नुसती पुस्तकात वाचायची का? मी त्यांना कॉम्रेड म्हणते. याहून मोठा मान कोणता?"

"त्यांना विचारलंस का, कुठला मान हवाय ते?" लुइटिको म्हणाला. "कामगार इथं बसलाय, आणि ही त्याच्या वतीनं आमच्याशी भांडतेय. चहापेक्षा किटली गरम!"

सगळे हसले. मला ती म्हण मुळीच आवडत नाही. मुतिंतालाही आवडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कुणाला दिसू न देता ती उठली. पोरं वाईट नव्हती हो. पण त्यानंतर ती आली की बोलणं जरा आखडायचं, आणि ती बाकाच्या टोकाला बसायची. मग एक दिवसाआड यायला लागली. मग आठवड्यातून एकदा.

एका गुरुवारी ती चारलाच आली. बाकावर कुणीच नव्हतं. बाबा माझ्या शेगडीला वारा घालत होते.

"मी उद्याच्या गाडीनं परत चाललेय," ती म्हणाली. "शिक्षण सोडून. म्हटलं सांगून जावं."

बाबांनी वारा घालायचं थांबवलं. "कुणी काही बोललं?"

"कुणी काहीच बोलत नाही, हेच तर झालंय. मी क्रांती शोधायला आले होते, पण खरं सांगू? मला निदान एक मैत्रीण हवी होती. तेवढंही जमलं नाही." मग धीर करून तिनं विचारलं, "तुम्हाला माझा राग येतो का?"

"राग?" बाबा म्हणाले. "मुली, सकाळपासून या टेकडीवर मला लोक कसे हाक मारतात माहितीये? 'ए कॉफी!' प्राध्यापक खिडकीतून, ड्रायव्हर गाडीतून. 'ए कॉफी, इकडं!' इतक्या वर्षांत माझं नाव किती जणांना ठाऊक झालं असेल? ही दहा पोरं येतात आणि शिकामो म्हणतात, तेव्हा मला कळतं की आपण किटली नाही, माणूस आहोत. माझे पाय कोण धरतंय? पायाला हात लावू दिला असता का मी कुणाला?"

मला वाईट वाटलं नाही. खरंच होतं ते.

मुतिंता बाकाच्या टोकाला बसली. मग म्हणाली, "आमच्याकडं बायका गुडघे टेकून नमस्कार करतात. वडील गेले तेव्हा काकानं आमची सगळी गुरं हाकून नेली. चौदा होती. नंतर तो घरी आला की आई त्याच्यापुढं गुडघे टेकून पाणी द्यायची. मी नऊ वर्षांची. आईच्या शेजारी मलाही टेकवायची. तेव्हा मी ठरवलं, मोठी झाले की कुणापुढं वाकायचं नाही. शब्दानंसुद्धा नाही."

"हे पोरांना सांगितलंस?"

"नाही."

"अगं मग त्यांना कसं कळणार? पुस्तकातलं सगळं सांगितलंस, आणि हेच पोटात ठेवलंस?" बाबा जरा रागावलेच. मग विचारात पडले. "तुमच्याकडं पुरुष कसा नमस्कार करतात?"

तिनं दोन्ही हातांचे तळवे खोलगट केले आणि हळूच तीनदा वाजवले. टप, टप, टप.

"आणि समोरचा?"

"समोरचाही तसाच वाजवतो."

"मोठा असला तरी?"

"मोठा असला तरी."

बाबांनी पंखा खाली ठेवला, कोळशानं काळे झालेले हात लुंगीला पुसले आणि तीनदा टाळी वाजवली. अगदी मन लावून. मग कॉफी ओतली आणि कप उचलून तिच्या हातात दिला.

ती रडली. घटाघटा कॉफी प्यायली, जीभ भाजली, आणि हसली.

पाचला टोळी आली. बाबा म्हणाले, "बसा. आज वाचन नाही. आज ही बोलेल." आणि तिनं सांगितलं, सगळं. झुहुरा तिला चिकटून बसली आणि तिचा हात सोडेचना. लुइटिको खाली मान घालून म्हणाला, "चौदा गुरं? आमच्याकडं तर एका कोंबडीवरून खून पडतात." मग म्हणाला, "त्या किटलीच्या म्हणीचं चुकलं माझं." त्यानं माफी तिची मागितली, माझी नाही. असो.

शुक्रवारची गाडी तिच्याशिवाय गेली.

त्यानंतर दोन वर्षं ती आली की टाळी वाजवायची आणि बाबा टाळीनं उत्तर द्यायचे. लुइटिकोचं चालूच, "बाबा, आम्हाला एकच नमस्कार, आणि हिला वाजंत्री?" पुढं सफाईवाल्या बायकांचा पगार तटला तेव्हा मुतिंतानं आधी प्रत्येकीला जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवंय? पत्रक त्यानंतर लिहिलं. त्या बायका आमच्या बाकावर येऊन बसल्या, तेव्हा मला दिवसातून चारदा भरावं लागायचं.

शिक्षण संपलं तसं सगळे तिला आगगाडीवर सोडायला गेलो. बाबांनी मला भरून सोबत नेलं. गाडी हलायला आली. मुतिंता डब्याच्या दारात उभी होती. तिनं झुहुराची मिठी सोडवली, लुइटिकोला एक धपका घातला, आणि बाबांकडं बघून म्हणाली, "शिकामो, बाबा."

या वेळी कुणी सांगितलं नव्हतं तिला.

मराहाबा म्हणायला बाबांनी तोंड उघडलं आणि तो शब्द राहू दिला. मग त्यांनी मला फलाटावर खाली ठेवलं, कपही ठेवले, आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाजवत राहिले. इतक्या वर्षांत भरलेली मला त्यांनी अशी धुळीत कधी ठेवली नव्हती. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या लेकीनं मला झुहुराच्या स्वाधीन केलं. झुहुरा आता इथंच कायदा शिकवते आणि मी तिच्या खोलीत कपाटावर असते. मुतिंताची पत्रं येतात; शेवटी तीन टप लिहिलेले असतात. माझ्यात आता कॉफी राहत नाही, बुडातून गळून जाते. तक्रार नाही.

खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं. तिथं एक नवा माणूस कॉफी विकतो, स्टीलच्या थर्मासातून. काल पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "ए कॉफी!" झुहुरा हातातलं काम टाकून तरातरा खाली गेली. थोड्या वेळानं हातात कप घेऊन वर आली आणि मला म्हणाली, "मसूद नाव आहे त्याचं. किलवा गावचा आहे."

तुमच्याही फाटकाशी कुणीतरी उभा असेल. कप नंतर मागा. आधी त्याचं नाव विचारून या.