धाकटीची फुलं

दर सोमवारी आमच्या दारात फुलांचा गुच्छ येतो आणि माझ्या कपाळावर आठी चढते. सोबत चिठ्ठी असते: 'आईस, तुझी धाकटी.' आई चष्मा शोधते, तेच तीन शब्द नव्यानं वाचते आणि मग येईल-जाईल त्याला सांगत सुटते, "माझ्या धाकटीची फुलं हो! एवढी लांब राहते, पण विसरत नाही पोरगी."

मी इथेच राहते. आईच्या गोळ्या मी देते, पाय मी चेपते, गुच्छातली कुजलेली पानंही मीच वेचते. त्याचं मेलं कौतुक कुणाला? पिकतं तिथं विकत नाही. जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

"आई, फुलांनी तुला शिंका येतात. बंद करून टाकू या."

"येऊ देत शिंका," आई म्हणाली.

धाकटीला सांगावं, तर माझ्या पोटात का दुखतंय ते तिला लगेच कळलं असतं. म्हणून परस्पर कंपनीलाच गाठायचं ठरवलं. गाठणं कसलं! वेबसाइटवर फुलं सुरू करायला हे एवढं मोठं बटण, बंद करायला काहीच नाही. ईमेल केला तर उत्तर आलं, 'कृपया या पत्त्यावर लिहू नये.' फोन केला तर बासरी. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. ठणकती दाढ घेऊन लोक फोन करतात आणि मी "जरा थांबा हं" म्हणून त्यांना असंच काहीतरी ऐकवत ठेवते. चांगली जिरली माझी.

आठवडाभर बासरी ऐकल्यावर एकदाचा माणसाचा आवाज आला.

"माझ्या बहिणीनं लावलेली फुलं बंद करा," मी म्हटलं.

"मॅडम, हे खातं तर तुमच्याच नावावर आहे. कार्डही तुमचंच. गेल्या वर्षी आईंच्या वाढदिवसाला सुरू केलंत."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. वाढदिवसाला धाकटी आली होती. तिच्या फोनचं चार्जिंग संपलेलं. "ताई, तुझ्या फोनवरून एक गुच्छ मागवते गं," म्हणाली होती. एक मागवायला गेली आणि दर आठवड्याचं लचांड माझ्या गळ्यात बांधून गेली. बँकेचे मेसेज मी कुठली उघडून बघतेय! म्हणजे वर्षभर फुलं माझी आणि वाहवा हिची. आई दर सोमवारी तिला फोन करून "पोचली गं फुलं" म्हणायची, आणि ही बया लाडात येऊन सांगायची, "त्यात काय, आई!" आयत्या बिळावर नागोबा!

"मग बंद करू ना?" त्यानं विचारलं.

"थांबा. चिठ्ठीवरचं नाव बदलता येतं?"

"येतं की."

"मग 'तुझी थोरली' असं लिहा."

सोमवारी दवाखान्यात उशिरा येते म्हणून कळवलं आणि आईसमोर ठाण मांडून बसले. आईनं चिठ्ठी वाचली. मागं काही लिहिलंय का, तेही उलटून पाहिलं.

"तू कशाला पाठवलीस? तू तर इथेच आहेस."

आईनं चिठ्ठी बाजूला ठेवली आणि दाराकडे पाहिलं.

"आणि धाकटीची नाही आली? बरी आहे ना ती? सकाळपासून फोनही उचलत नाहीये."

दुपारी तिनं ताटाला हात लावला नाही. माझी जीभ नुसती शिवशिवत होती. एक वाक्य बोलले असते तर धाकटीचं पितळ उघडं पडलं असतं. पण आईचं तोंड एवढंसं झालं होतं.

"कंपनीनं घोळ घातला असेल. बघते मी. तू जेव आधी."

स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा फोन लावला. पुन्हा बासरी. पुन्हा तोच मुलगा.

"नाव परत 'धाकटी' करा," मी म्हटलं. "आणि ती भडक पिवळी फुलं नकोत. आईला पांढरी आवडतात, वासाची."

धाकटीला हे सात जन्मांत कळलं नसतं.

पुढच्या सोमवारी पांढरी फुलं आली. आईनं चिठ्ठी वाचली, गुच्छ नाकाशी धरला. तिचे डोळे भरून आले.

"बघ," ती मला म्हणाली, "लांब असून आईची आवड कशी बरोब्बर ओळखली पोरीनं! शिक जरा."

"हो," म्हटलं आणि फुलदाणीत पाणी भरायला गेले.