मार्च ते जूनपुरती लेक

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला माझे वडील उठून बोलले. "आम्ही वेगळे झालो, पण लेकीला दोघांनी मिळून वाढवलं." लोकांनी माना डोलावल्या. मरणाच्या घरी खोटं बोलायला फार हुशारी लागत नाही.

त्या वाढवण्याचा करार झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तिथल्या कलेक्टर कचेरीत बदलून गेलेले वडील, जिल्हा आपणच आणल्यासारखे बोलत. आई उमरीला शिक्षिका. बैठक नांदेडला, लिंबाजीमामांच्या ओसरीवर बसली. ते नात्यानं कुणाचेच मामा नव्हते. वस्तीतले वडीलधारे, दोघांनाही चार शब्द सुनावू शकणारे.

मला लातूरला जायचं होतं. मी नवा फ्रॉक घालून दाराशी बसले होते.

"रामकिशन, दिवाळीला नेतोस का पोरीला?" मामांनी वडिलांना विचारलं.

"दिवाळीला न्हाई जमायचं. मार्च ते जून धाडा."

"मार्चात शाळा हाय," आई म्हणाली.

"जिल्ह्याच्या शाळेत घालतो की. उमरीत काय ठेवलंय?"

त्या साली दुष्काळ होता. लातुरात टँकर कधी येईल याचा भरवसा नसे. आईनं सरळच विचारलं.

"टँकर आला की तुमच्याकडं पाणी कोन भरतंय?"

"शेजारीण भरायची. आता तिला बी व्हईना."

"आन् जूनला पाऊस पडला की लेक वापस," आई म्हणाली.

मामा खो खो हसले. "आरं, लेक मागून राहिलास का घागर?"

"चार घागरी भरल्या तर झिजती का पोरगी?"

"मामा, लिहा," आई म्हणाली. "लेक जाईल. पण पाण्याला जाणार न्हाई. बापानं भरावं, तिला पाजावं."

मामांनी लिहून कागद पुढे सरकवला. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि पेनाचं टोपण लावलं.

"मंग ऱ्हाऊ द्या तिला तिकडंच."

मामांनी आधीचं खोडलं. लेक बारमाही आईकडे, असं लिहिलं.

"दादा, मी भरते ना पाणी," मी वडिलांना ओरडून सांगितलं. "मला येते घागर उचलता."

वडिलांचा चेहरा उजळला. "बघा! पोरगी सोताच म्हनतीय."

आईनं मला जवळ ओढून माझ्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं सही केली आणि पेन त्यांच्यापुढं धरलं. वडिलांनी सही करेपर्यंत तिनं माझ्या तोंडावरचा हात काढला नाही.