सात पॉइंट चार, अधिक-उणे

लाल शाईचं वर्तुळ तेवढ्या एका चिन्हाभोवतीच होतं. आतलं चिन्ह मात्र कसं नेटकं... वर अधिक, खाली आडवी रेघ, अगदी कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असते तशी. ७.४ ± ०.०५ सें.मी. हयवदननं उत्तरपत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि समोर मॅडम बसल्यात हे विसरून त्याला चक्क हसू आलं. रेषा पट्टीनं मोजा नि लांबी लिहा, एवढाच तर प्रश्न. सहावीतल्या दुसऱ्या कोणाच्या पोराला सुचलं असतं हे? काय पोरगी आहे आपली!

पण त्याच चिन्हापायी गेलेल्या एका गुणानं नीरजा अडली होती. सहावीतल्या मुलाला गणितापुरतं सातवीच्या वर्गात बसायचं तर चाळीसपैकी छत्तीस हवेत, तिला पस्तीस. नाहीतर आपल्याच वर्गात राहून जादा वर्कशीटं सोडवायची – आणि ती तर तिनं सुट्टीतच उरकलेली, सातवीचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारी पोर ती.

गणिताच्या श्रीविद्या मॅडम मनानं चांगल्या होत्या. आवाज खाली आणून कन्नडमध्ये म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, सर. पण नमुना उत्तरात नुसतं सात पॉइंट चार आहे. तेवढं पुढचं खोडू दे तिला, मी गुण देते. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि. जरा जुळवून घ्या. तीन वाजता यादी जाते."

नीरजा शेजारी उभी होती. मॅडमनी पुढं सरकवलेल्या खोडरबराला तिनं हात लावला नव्हता.

"अण्णा, रेषाच मुळी जाड आहे," ती म्हणाली. "आणि पट्टीवर मिलिमीटरच्या खालचं दिसतं कुठं? नुसतं सात पॉइंट चार लिहिलं तर ते खोटं नाही का होत?"

खोटं... शब्दसुद्धा त्याचाच. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वीस वर्षं तो तयार माल मोजून पास करायचं काम करत होता, आणि रविवारी बापलेक घर मोजायला बसत – पोळपाट, खिडकीचे गज, आजोबांच्या चष्म्याची काच – आणि प्रत्येक आकड्यापुढं किती कमी-जास्त ते लिहायचंच, नाहीतर ते खोटं, असं त्यानंच तिला बजावलेलं. आणि ती ऐन परीक्षेत विसरली नाही! त्याचा ऊर भरून आला. बाहेर जाऊन फाटकावरच्या वॉचमनला सांगावं, नव्या मेट्रोत अनोळखी माणसाला धरून सांगावं, असं त्याला वाटलं.

आणि नेमका तेव्हाच तो मार्च महिना आठवावा... चाळीस नगांचा लॉट, भोक तीन शतांश मिलिमीटर मोठं, टेम्पो दारात, मालक टेबलापाशी उभा – स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, हयवदन – आणि मी... मी आकडा खोडला. दुसरा लिहिला, खाली सही ठोकली. पुढं काही झालं नाही, माल परत आला नाही, कोणी विचारलंसुद्धा नाही. आणि त्याच रविवारी मी पट्टी घेऊन पोरीला शिकवायला बसलो... निर्लज्जासारखा.

"अण्णा, तुम्ही सांगाल तसं करते." सातवीचा वर्ग हवाच होता तिला, जीव टाकत होती त्याच्यावर.

खोड म्हणावं तर जागा हातात. नको म्हणावं तर वर्षभर तीच वर्कशीटं, तेच जांभया देणं. आणि ते 'नको' म्हणायला तोंड कोणाचं, तर याचं! मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"तुम्ही असता तर खोडलं असतं?" नीरजानं विचारलं.

छे, काहीतरीच काय, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मुलीसमोर बाप दुसरं काय म्हणणार?

"खोडलं असतं," तो म्हणाला. "खोडलंय एकदा. कारखान्यात. मालक म्हणाला म्हणून."

मॅडमनी मान खाली घातली. नीरजा त्याच्याकडे बघत राहिली – रागानं नव्हे, एखादं अवघड गणित समोर यावं तशी – आणि मग तिनं टेबलावरची उत्तरपत्रिका सावकाश आपल्याकडे ओढली. आता ती काय करील, हे त्याला कळेना. ते सांगायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं मात्र कळलं, आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही. बायकोलाही न सांगितलेली गोष्ट अकरा वर्षांच्या पोरीला सांगून बसलेला हयवदन, वडीलधाऱ्या माणसाकडे पाहावं तसा तिच्याकडे पाहत राहिला... अभिमानानं, आणि थोडासा लाजून.